फोनवर दिलेला सल्ला कायदा कसा मोजतो: तालुक्याच्या गावातील एका डॉक्टरांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका एम.बी.बी.एस. डॉक्टरांचे बरेचसे रुग्ण कोविडनंतर दवाखान्यात येण्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवतात. पुण्यात नोकरी करणारी मुले गावातल्या आईवडिलांसाठी फोन करतात, एक-दोन जण दुबईहून स्वतःच्याच दुखण्याविषयी विचारतात, आणि आता एका अ‍ॅप कंपनीने डॉक्टरांना आपल्या पॅनलवर येण्याचा करार पाठवला आहे. यातले कायदेशीर किती, आणि उद्या तक्रार झालीच तर आपल्या हातात काय असेल, असे त्यांनी विचारले आहे.

मी अठरा वर्षे फिजिशियन म्हणून काम केले आणि गेली तेरा वर्षे वैद्यकीय कायद्याची प्रकरणे पाहतो. बहुतेक वेळा डॉक्टरांच्या बाजूने, काही वेळा रुग्णांच्याही. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. कायदा फोनवरच्या सल्ल्याला पूर्ण सल्ला मानतो आणि आपण डॉक्टर मंडळी त्याला जाता जाता सांगितलेली गोष्ट मानतो. दवाखान्यात आलेल्या रुग्णाचा केसपेपर निघतो, रक्तदाब लिहिला जातो, फी घेतली जाते. त्याच रुग्णाला रात्री नऊ वाजता फोनवर गोळी सांगितली तर त्याची कुठेच नोंद होत नाही. पुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या तफावतीतून निघतात, म्हणून खालचे सगळे विवेचन मी याच दृष्टीने केले आहे.

आधी एक भीती बाजूला करू. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतील एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा 'फोनवर सल्ला दिला की अटक होते' असा समज राज्यभर पसरला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्या प्रकरणात सिझेरियन झालेली महिला घरी गेल्यावर त्रास होऊ लागल्याने पुन्हा दाखल झाली होती, त्या वेळी डॉक्टर गावात नव्हते, त्यांच्या जागी दुसऱ्या डॉक्टरची सोय केलेली नव्हती, आणि कर्मचारी फोनवरच्या सूचनांप्रमाणे उपचार करत राहिले. पुढे त्या महिलेचा मृत्यू झाला. न्यायालयाचा रोष निदानाविना चाललेल्या उपचारावर आणि दाखल रुग्णापाशी डॉक्टर नसण्यावर होता. शिवाय तो जामिनाच्या टप्प्यावरचा आदेश होता. दोष सिद्ध झाल्याचा निकाल नव्हता. फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, ही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात घालून दिलेली कसोटी आजही लागू आहे. तरीही त्या आदेशातून आपल्याला घेण्यासारखे एक आहेच: दाखल केलेला रुग्ण फोनवर सांभाळता येत नाही. तिथे टेलिमेडिसिनचा कोणताही नियम आपल्या मदतीला येणार नाही.

आता आजच्या कायद्याकडे वळू. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, भारतीय वैद्यकीय परिषदेच्या जागी काम करणाऱ्या प्रशासक मंडळाने नीती आयोगाच्या सहकार्याने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मे २०२० मध्ये वैद्यकीय व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांत दुरुस्ती करून नियम ३.८ घालण्यात आला आणि ही तत्त्वे परिशिष्ट ५ म्हणून जोडली गेली. या दुरुस्तीचा अर्थ पुष्कळ डॉक्टरांच्या लक्षात आलेला नाही. 'मार्गदर्शक तत्त्वे' हे नाव सौम्य असले तरी ती आता आचारसंहितेचा भाग आहेत आणि त्यांचा भंग हा व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम काढले, त्यातही टेलिमेडिसिनचे स्वतंत्र प्रकरण होते. पण जेनेरिक औषधांच्या सक्तीसह अनेक मुद्द्यांवर गदारोळ झाल्याने तीनच आठवड्यांत ते स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू करण्यात आले. त्यामुळे एखाद्या परिसंवादात २०२३ च्या विनियमांचा आधार देऊन कोणी काही सांगितले, तर ते स्थगित आहेत हे लक्षात ठेवावे. आपला आधार परिशिष्ट ५ हाच आहे.

या परिशिष्टानुसार भारतात नोंदणी असलेला डॉक्टर देशातील कोणत्याही भागातील रुग्णाला व्हिडिओ, आवाज किंवा लिखित संदेश यांतील कोणत्याही मार्गाने सल्ला देऊ शकतो. मूळ मजकुरात व्हॉट्सअ‍ॅपचा नावानिशी उल्लेख आहे, म्हणजे आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर 'होय, चालते' असे आहे. मात्र कोणता मार्ग पुरेसा आहे आणि या रुग्णाला न तपासता निर्णय घेता येईल का, हे ठरवणे सर्वस्वी डॉक्टरावर सोपवले आहे. रुग्णानेच आग्रह धरला होता, हा बचाव तिथे टिकत नाही. पोटात दुखणाऱ्या तरुणाच्या पोटाला हात लावल्याशिवाय अपेंडिक्सची शंका दूर होत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको; 'प्रत्यक्ष या' असे सांगितले हेही त्या संभाषणात लिहून ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. तातडीच्या प्रसंगी फोनवर प्रथमोपचार, जीव वाचवण्यापुरती मदत आणि योग्य ठिकाणी पाठवणे एवढेच अपेक्षित आहे. उलट बाजूनेही एक बंधन आहे: रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असताना त्याला फोनवरच सल्ला घ्या असा आग्रह धरणे हे गैरवर्तनाचे उदाहरण म्हणून दिलेले आहे.

संमतीचा नियम सोपा आहे. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरली जाते; फोन डॉक्टरने, आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा नातेवाइकाने केला असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते. 'मला या डॉक्टरांचा फोनवर सल्ला हवा आहे' एवढा संदेश किंवा बोलून दिलेला होकार पुरतो, पण तो नोंदीत आला पाहिजे. आपल्याकडची खरी गुंतागुंत नातेवाइकांची आहे. पुण्यातला मुलगा फोन करून सांगतो, 'आईला कालपासून चक्कर येते, काय देऊ?' आणि आई त्या वेळी वाईच्या घरी असते. परिशिष्टाने याचा विचार केलेला आहे. रुग्ण समोर नसताना काळजीवाहूशी बोलून सल्ला द्यायचा असेल, तर रुग्ण लहान मूल असावे, किंवा स्मृतिभ्रंश वा अपंगत्व यांसारख्या कारणाने स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसावा, किंवा त्या काळजीवाहूला रुग्णाने रीतसर अधिकार दिलेला असावा अथवा पूर्वीच्या प्रत्यक्ष भेटीत रुग्णानेच त्याची ओळख करून दिलेली असावी. शेवटचा पर्याय आपल्यासारख्यांना फार सोयीचा आहे. वयस्क रुग्ण दवाखान्यात आले की केसपेपरवर एक ओळ लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा: 'माझ्या प्रकृतीविषयी माझ्या मुलाशी, या क्रमांकावर, बोलण्यास माझी हरकत नाही.' पुढे भावाभावांत वाटणीचा वाद असताना आईचे रिपोर्ट एकाला दाखवले म्हणून दुसऱ्याने तक्रार केली, असे मी दोनदा पाहिले आहे. एकदा ती ओळ होती, एकदा नव्हती, आणि दोन्ही ठिकाणचा फरक डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसत होता. आई शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत असेल, तर मुलाला लाइनवर ठेवून तिच्याशीच दोन मिनिटे बोलावे. वैद्यकदृष्ट्याही तेच शहाणपणाचे असते, कारण चक्कर म्हणजे गरगरणे की डोळ्यांपुढे अंधारी, हे मुलाला माहीत नसते.

औषधांचा भाग मी जरा विस्ताराने सांगतो, कारण डॉक्टरांची चूक सगळ्यांत जास्त इथे होते. परिशिष्टाने औषधांच्या याद्या केल्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस, अँटासिड अशी औषधे कोणत्याही मार्गाने सांगता येतात. दुसऱ्या यादीतील औषधे, उदाहरणार्थ त्वचेवरची काही मलमे, पहिल्याच भेटीत द्यायची तर ती भेट व्हिडिओवर व्हावी लागते; जुन्या रुग्णाची मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन किंवा रक्तदाबासाठीची एनालाप्रिलची गोळी पुढे चालू ठेवायची असेल, तर तीही या यादीत बसते. तिसऱ्या यादीत फक्त फॉलोअपच्या वेळी भर घालता येते, म्हणजे आपण तपासलेल्या मधुमेही रुग्णाला मेटफॉर्मिनच्या जोडीला सिटाग्लिप्टिन सुरू करणे. इथे 'फॉलोअप' या शब्दाला मोजमाप आहे: त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरकडे, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे. जानेवारीत रक्तदाबासाठी आलेला रुग्ण मार्चमध्ये खोकल्यासाठी फोन करतो, तेव्हा तो जुना रुग्ण असला तरी खोकल्यापुरती ती पहिलीच भेट असते. सात महिने दवाखान्याची पायरी न चढलेल्या मधुमेही रुग्णाचेही तसेच आहे.

आणि चौथी यादी मनाईची आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अनुसूची 'एक्स'मधील औषधे आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी गुंगीकारक व मनोप्रभावी द्रव्ये टेलिमेडिसिनवर लिहून देता येत नाहीत. हे वाचताना कोणालाही मॉर्फिन आठवते आणि 'आपण कुठे मॉर्फिन लिहितो' असे वाटते. पण अल्प्राझोलाम या कायद्याच्या यादीत आहे. 'डॉक्टर, ती झोपेची गोळी संपली, केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा' हा फोन कोणत्या जनरल प्रॅक्टिशनरला आलेला नाही? ट्रॅमाडॉलही २०१८ पासून त्याच कायद्याखाली आहे, आणि गुडघेदुखीच्या रुग्णांना पॅरासिटामॉलबरोबर त्याची जोडगोळी आपण किती सहज लिहितो ते आपणच आठवावे. या दोन औषधांची नावे कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावीत, असे मी प्रत्येक डॉक्टरला सांगतो. मनोविकारांच्या औषधांबाबत मानसोपचारतज्ज्ञांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, तिच्या आधाराने जनरल प्रॅक्टिशनरने चालू नये.

चिठ्ठीचेही पाहू. साध्या कागदावर सही करून त्याचा फोटो पाठवला तर चालतो, परंतु त्यावर प्रत्यक्ष चिठ्ठीवर लागणारे सगळे तपशील हवेत आणि नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. तो केवळ चिठ्ठीवर नव्हे, तर पावतीवर आणि रुग्णाशी होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहारातही दाखवायचा आहे. एका प्रकरणात डॉक्टरांनी घाईत लेटरहेडचा फोटो काढताना वरची पट्टी कापली गेली होती. औषध बरोबर होते, मात्रा बरोबर होती, पण त्या फोटोवर नाव नव्हते, क्रमांक नव्हता, तारीख अर्धी होती. तो कागद कोणाचा, हे सिद्ध करण्यात पहिल्या दोन तारखा गेल्या. चिठ्ठी परस्पर एखाद्या केमिस्टकडे पाठवायची असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी, कारण औषध कुठून घ्यायचे हा त्याचा हक्क आहे. घरपोच औषधांबाबत २६ मार्च २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने परवानाधारक किरकोळ विक्रेत्याला, काही अटींवर आणि त्याच महसुली जिल्ह्यापुरती, मुभा दिली. ऑनलाइन औषधविक्रीचे स्वतंत्र नियम ऑगस्ट २०१८ मध्ये मसुद्याच्या रूपात आले होते, त्यांना अंतिम रूप मिळालेले नाही. हा वाद केमिस्ट संघटना आणि कंपन्या यांचा आहे, आपण त्यात पडायचे कारण नाही.

नोंदीविषयी परिशिष्ट काय म्हणते? संभाषणाचा लॉग किंवा संदेश, रुग्णाने पाठवलेले रिपोर्ट व छायाचित्रे, आणि दिलेल्या चिठ्ठीची प्रत जपायची. व्हिडिओ चित्रित करून ठेवण्याची सक्ती नाही, आणि संमतीशिवाय तो करूही नये. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे दवाखान्यातली एक जाड, पाने क्रमांकित केलेली वही. एका सहकाऱ्यांच्या वहीतली नोंद मी नमुना म्हणून सगळ्यांना दाखवतो, रुग्णाचा तपशील वगळून: 'सायं. ७.१०. व्हिडिओ. स्वतः रुग्ण, वय ५८, ओळख पटली, मागील भेट ३ महिन्यांपूर्वी, रक्तदाबासाठी. आज दोन दिवस खोकला, ताप नाही, दम नाही, वाक्य सलग बोलतात. घरच्या यंत्रावर रक्तदाब १४४/८८. एनालाप्रिलमुळे खोकला असू शकतो असे समजावले. उद्या सकाळी प्रत्यक्ष येण्यास सांगितले, दम लागल्यास रात्रीच ग्रामीण रुग्णालयात जाण्यास सांगितले. नवीन औषध दिले नाही. फी नाही.' आठ ओळींची ही नोंद लिहायला दीड मिनिट लागते. त्यात ओळख, मार्ग, संमती, फॉलोअपची कसोटी, न तपासता येणाऱ्या गोष्टींची जाणीव आणि धोक्याची सूचना असे सगळे आले आहे. 'वाक्य सलग बोलतात' हे तीन शब्द लिहिणारा डॉक्टर फोनवरही रुग्ण तपासत होता, हे कोणत्याही न्यायाधीशाला वाचताक्षणी कळते.

वहीचा आग्रह का, तर मोबाइल बेभरवशाचा असतो. माझ्याकडे आलेल्या एका डॉक्टरांनी फोन बदलला आणि जुने संदेश गेले. तक्रारदाराकडे मात्र त्याच्या बाजूचे छापील स्क्रीनशॉट होते आणि त्यात डॉक्टरांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज अर्थातच छापलेले नव्हते. 'ताबडतोब दाखल करा' हे त्यांनी आवाजात सांगितले होते, आणि कागदावर उरले होते फक्त 'बरं, पाहू'. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ उपकरण आणि मूळ संदेश टिकवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते. आपोआप पुसले जाणारे संदेश ही सोय रुग्णांसाठीच्या क्रमांकावर बंद ठेवावी, घरचा आणि दवाखान्याचा क्रमांक वेगळा ठेवावा, आणि महत्त्वाची सूचना आवाजात दिली तरी खाली एका ओळीत टंकित करावी. जपणूक किती काळ करायची? आंतररुग्णांच्या नोंदींसाठी २००२ चे विनियम तीन वर्षे सांगतात आणि मागणी झाल्यास बहात्तर तासांत नोंदी देण्यास सांगतात; ग्राहक तक्रारीची मुदत साधारणतः दोन वर्षांची आहे. फोनवरच्या नोंदीही तीन वर्षे, आणि लहान मुलांच्या त्याहून बऱ्याच अधिक काळ ठेवाव्यात, असा माझा सल्ला आहे.

ग्राहक कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक बदल सांगतो, ज्याची दखल वैद्यकीय वर्तुळात फारशी घेतली गेली नाही. पूर्वी तक्रार साधारणपणे जिथे डॉक्टर आहे किंवा जिथे घटना घडली तिथे करावी लागे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदाराला तो जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात जाण्याची मुभा दिली. दवाखान्यापुरते काम असताना याने फार फरक पडत नव्हता, कारण रुग्ण तालुक्यातलेच असत. अ‍ॅपवरून गडचिरोलीच्या किंवा गुवाहाटीच्या रुग्णाला सल्ला दिलात, की नोटीस तिथून येऊ शकते. फी घेतली नाही म्हणून ग्राहक ठरत नाही, हा युक्तिवाद दवाखान्यात इतरांकडून फी घेणाऱ्या डॉक्टरला फारसा तारत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणातील निकालाने ज्या ठिकाणी काहींकडून फी घेतली जाते तिथे मोफत उपचार घेणाऱ्यालाही ग्राहक मानले आहे. टेलिमेडिसिनसाठी रीतसर फी घेण्यास परिशिष्टाची परवानगी आहे. ती घ्यावी आणि पावती द्यावी. विमा नियामकानेही जून २०२० मध्ये विमा कंपन्यांना टेलिमेडिसिनचा खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मान्य करण्यास सांगितले आहे, त्यासाठी रुग्णाला ती पावती लागते.

आपण विचारलेले नाही, पण प्रश्नातील एका वाक्यावरून अंदाज येतो, म्हणून लिहितो. आपण बाहेरगावी असताना आपल्या दवाखान्याच्या क्रमांकावर बी.एच.एम.एस. (होमिओपॅथीचे) सहायक डॉक्टर उत्तरे देतात, असे दिसते. आयुष पद्धतींसाठी २०२० मध्येच वेगळी टेलिमेडिसिन तत्त्वे निघाली आणि ती त्या त्या पद्धतीपुरती आहेत. आपल्या नावाच्या चिठ्ठीवर, आपल्या नोंदणी क्रमांकाने, दुसऱ्या पद्धतीच्या डॉक्टरने अँटिबायोटिक पाठवणे हा दोघांनाही अडचणीत आणणारा प्रकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतील एका होमिओपॅथी डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधे दिल्याच्या प्रकरणात तेच निष्काळजीपण मानले होते. महाराष्ट्रात होमिओपॅथी डॉक्टरांसाठीच्या फार्माकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) ब्रिज कोर्सवरून जो वाद चालला आहे त्याचा निकाल काहीही लागो, आपली सही दुसऱ्याने वापरण्याचे समर्थन त्यातून होणार नाही.

माहितीच्या गोपनीयतेकडे येऊ. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाच्या स्थापनेची कलमे लगेच लागू झाली, पण माहिती हाताळणाऱ्यांची मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. तोवर आपण मोकळे आहोत असे समजू नये, कारण २०११ चे संवेदनशील माहितीचे नियम तोपर्यंत चालू आहेत, त्यांत वैद्यकीय नोंदींचा स्पष्ट समावेश आहे, आणि 'कंपनी'च्या व्याख्येत एकट्याचा व्यवसायही येतो. गंमत अशी की नव्या कायद्यात आरोग्यविषयक माहितीचा असा वेगळा संवेदनशील वर्गच ठेवलेला नाही. मोबाइल क्रमांक आणि एचआयव्हीचा रिपोर्ट कागदोपत्री एकाच मापाने मोजले जातात. मला हे पाऊल मागे पडल्यासारखे वाटते. मात्र सुरक्षेची पुरेशी तजवीज न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, आणि माहिती फुटल्यास संबंधित रुग्णांना व मंडळाला विनाविलंब कळवून बहात्तर तासांत मंडळाला तपशील द्यायचा आहे. जिवावरच्या तातडीच्या प्रसंगी संमतीची अट आड येत नाही, आणि अठरा वर्षांखालील रुग्णांसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीच्या अटीतून डॉक्टरांना, मुलाच्या आरोग्यसेवेपुरती, सूट दिली आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात याचा अर्थ अगदी साधा आहे. कंपाउंडरच्या मोबाइलवर रुग्णांचे रिपोर्ट येऊ नयेत. 'इंटरेस्टिंग केस' म्हणून एक्स-रे डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकताना वरच्या कोपऱ्यातले नाव झाकले गेले पाहिजे. दवाखान्याच्या संगणकाचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला नसावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथले काम कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले होते. बॅकअप नसलेल्या लहान दवाखान्याकडे तर परत जायला कागदही नसतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन आणि चौदा अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक याविषयी इतकेच, की तो रुग्णाच्या दृष्टीने ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

दुबईच्या रुग्णांबाबत माझे उत्तर आपल्याला आवडणार नाही. परिशिष्ट ५ भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरील सल्ल्याला लागूच होत नाही, म्हणजे तिथे आपल्याला त्याचे संरक्षण नाही. रुग्ण ज्या भूमीवर आहे तिथे वैद्यकीय व्यवसाय घडतो, अशी भूमिका अमेरिकेतील राज्ये घेतात आणि तिथला परवाना मागतात. दुबईतही टेलिहेल्थ सेवा तिथल्या आरोग्य प्राधिकरणाच्या परवान्याखाली चालते. न्यू जर्सीतला मुलगा कराडच्या वडिलांविषयी फोन करतो, तेव्हा रुग्ण भारतात आहे आणि वर सांगितलेले काळजीवाहूचे नियम पाळून आपण बोलू शकता. तोच मुलगा स्वतःच्या छातीत जळजळते म्हणून विचारतो, तेव्हा 'तिथल्या डॉक्टरांना आजच दाखव' एवढेच सांगावे. औषधाचे नाव लिहून पाठवू नये. जुन्या घरोब्यामुळे हे जड जाते, हे मला ठाऊक आहे. पण व्यावसायिक विमा पॉलिसीही बहुधा भारतीय अधिकारक्षेत्रापुरतीच असते.

राहिला अ‍ॅपचा करार. परिशिष्टानुसार पॅनलवरील प्रत्येक डॉक्टरची नोंदणी तपासण्याची, त्याचे नाव, पात्रता व नोंदणी क्रमांक रुग्णाला दाखवण्याची आणि तक्रार निवारणाची सोय ठेवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. ती न पाळणाऱ्या कंपनीला काळ्या यादीत टाकता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालीने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहायचे नाही, ती डॉक्टरला मदत करू शकते, हे तिथे २०२० मध्येच स्पष्ट लिहिले आहे. आपल्या कराराच्या मसुद्यात 'प्रणालीने तयार केलेला सारांश व सुचवलेली चिठ्ठी डॉक्टरने साठ सेकंदांत मान्य करावी' असे जे कलम आहे, ते मला अजिबात पसंत नाही. कागदावर चिठ्ठी डॉक्टरची दिसेल, विचार यंत्राने केलेला असेल आणि जबाबदारी मात्र पूर्णपणे सहीखाली असेल. संभाषण ऐकून टिपण काढणारे साधन आणि ईसीजीचा फोटो पाहून निदान सुचवणारे साधन यांतही भेद करावा. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअर आणले आहे, म्हणून निदान सुचवणाऱ्या साधनाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना आहे का, हे कंपनीला लेखी विचारावे.

मसुद्यातील आणखी तीन जागा दुरुस्त करून मागाव्यात. एक, 'सर्व नोंदी कंपनीच्या मालकीच्या राहतील' या वाक्यात 'डॉक्टरला त्याच्या रुग्णांच्या नोंदींची प्रत करार संपल्यावरही मिळेल' अशी भर हवी, नाहीतर तीन वर्षांनी नोटीस आली तर आपल्या हातात काहीच नसेल. दोन, नुकसानभरपाईचे कलम आज एकतर्फी आहे; प्रणालीतील बिघाड, माहितीची गळती आणि कंपनीच्या जाहिरातींमुळे उद्भवणारे दावे कंपनीनेच सोसावेत. जाहिरातीचा मुद्दा किरकोळ नाही, कारण जाहिरातीतून रुग्ण मिळवणे हे आपल्या आचारसंहितेत गैरवर्तन आहे आणि 'महाराष्ट्रातील नंबर एक डॉक्टर' असे कंपनीने आपल्या फोटोखाली लिहिले तर वैद्यक परिषदेसमोर आपणच उभे राहणार. तीन, किती मिनिटांत किती रुग्ण पाहायचे याची सक्ती काढून 'प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटल्यास सल्ला थांबवण्याचा डॉक्टरचा अधिकार' शब्दांत लिहून घ्यावा, आणि तो वापरल्यावर फीमध्ये कपात होणार नाही हेही.

याशिवाय सही करण्यापूर्वी आपल्या व्यावसायिक विमा कंपनीला एक ईमेल पाठवावा: माझ्या पॉलिसीत टेलिमेडिसिनवर दिलेला सल्ला समाविष्ट आहे का, त्रयस्थ अ‍ॅपवरून दिलेला असेल तरी आहे का, आणि राज्याबाहेरील ग्राहक आयोगात बचावाचा खर्च मिळतो का? उत्तर लेखीच मागावे. ते येईपर्यंत करार टेबलावरच राहू द्यावा. कंपनी आठवडाभर थांबते, असा माझा अनुभव आहे.